कपातलं दगडाचं कमळ

मंडळी, क्षणभर डोळे मिटा, मग उघडा. ज्याच्या दारात आज आपण बसलो आहोत त्याला मनातल्या मनात एवढंच सांगा, की आलोय. त्याला तेवढं पुरतं.

आता माझा एक प्रश्न. आपण सेवा करतो — ती नक्की कुणाची करतो? ज्याची करतो त्याची, की आपल्याच मनाची?

पुढच्या रांगेतल्या मावशी शेजारणीला म्हणतायत, हे काय विचारणं झालं. मावशी, थांबा. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, "पुरे, पुरे" म्हणतो, आणि आपण त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. ती जिलबी कुणासाठी? त्याचं पोट तर भरलंय. मग कुणाचं काय भरायचं राहिलंय? पेटीवाले काका मान हलवतायत. कालच्या महाप्रसादाला त्यांच्यावर हा प्रयोग झालेला दिसतोय.

दोनच ओळी ऐका —

देतो तोही हात तुझा, आवरतो तोही तुझा,
एक हात ओळखला, दुसरा दाखव देवराजा.

आजचं आख्यान त्या दुसऱ्या हाताचं. राजाचं नाही, ऋषीचं नाही. एका फुटक्या कानाच्या कपाचं आहे. हसू नका. कपात ब्रह्मांड मावतं की नाही ते शेवटी तुम्हीच ठरवा.

सोलापूर शहर. तिथं एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हेमांगी नावाची मुलगी राहायची. मुलगी म्हणजे काय, आठ महिन्यांच्या लेकराची आई. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. नवरा सुजय, लेक ओवी. स्वभावानं हेमांगी चांगली, कामाला वाघ, पण काळजी? काळजी एवढी, की ओवी झोपली की ही तिच्या नाकापुढं बोट धरून बसायची. श्वास चाललाय ना? फ्रिजवर तक्ता लावलेला. सकाळी नाचणी सत्त्व सहा चमचे, दुपारी वरणभात आठ चमचे. ओवीनं पाचव्या चमच्याला तोंड फिरवलं, की हिचा जीव खालीवर. "एकच घास चिऊचा गं माझी सोनी." मग एक काऊचा. मग एक मनीमाऊचा. अख्खा प्राणिसंग्रह जेवून जायचा, तेव्हा कुठं वाटी रिकामी व्हायची. डॉक्टर म्हणाले होते, "भूक लागली की खाईल हो ती." हिला वाटलं, धीर द्यायला म्हणतायत.

समोरच्या दारात अंबादासकाका. अंबादास गुंडेटी. कापड गिरणीत जन्मभर मागांची दुरुस्ती केलेला माणूस. एकटे. बायको नरसाबाई जाऊन अकरा वर्षं झालेली, लेक हैदराबादला दिलेली. आषाढ संपत आला तेव्हा एका सकाळी काकांनी हेमांगीचं दार वाजवलं. हातात स्टीलचं मोठं ताट, ताटात चार बोटभर कुंड्या आणि एक कप. प्रत्येकात ती जाड जाड पानांची इवली रोपं. हल्ली लोक टेबलावर, खिडकीत ठेवतात ना — सक्युलंट म्हणतात, ती. पानात पाणी साठवणारी.

काका म्हणाले, "ताई, गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय की ओ. दोन्ही गुडघे. लेक म्हणते तीन महिने इकडंच राहा. एवढं ठेवून घेताव का?"

"घेते की काका, त्यात काय. द्या इकडं."

गॅलरीच्या सरकत्या दाराशी एक बुटकं स्टूल होतं, त्यावर ताट ठेवलं. उजेड छान यायचा तिथं. काकांनी कपाकडं बोट केलं.

"बाकी चार कुंड्यांचं काय झालं तरी चालतंय. हे कपातलं तेवढं बघा. नरसाबाईच्या हातचं आहे. शेवटच्या वर्षी दवाखान्यात सारखं जावं लागायचं, तिथल्या आवारात पडलेलं एक पान ती पदराला बांधून घेऊन आली. कान तुटलेल्या कपात ठेवलं. ती गेली, हे राहिलं. दगडाचं कमळ म्हणायची ती याला."

आणि खरंच तसं होतं हो. राखाडी-हिरवी पानं, कमळासारखी एकावर एक बसलेली, प्रत्येक पानाचं टोक लाल. कुणी कुंकवाची काडी टेकवावी तसं.

"पाणी कसं घालायचं काका?"

"पंधरा दिवसांनी एकदा. कपाला भोक नाही, म्हणून दोन चमचे फक्त. विसरलं तरी चालतंय."

मंडळी, इथं घोटाळा झाला. काकांनी मराठीत सांगितलं, हेमांगीनं मराठीत ऐकलं, आणि अर्थ पार उलटा लावला. कसा? तर तुमच्या-आमच्यासारखाच. पाहुणा म्हणतो, "चहा नको, आत्ताच झाला." आपण काय करतो? आधण ठेवतो. कारण आपल्याला ठाऊक असतं, तो भिडेनं म्हणतोय. हेमांगीच्या मनात तेच आलं. म्हातारा माणूस, संकोची. आपल्या कडेवर लेकरू बघितलं आणि म्हणाला पंधरा दिवसांनी. याला रोज लागत असणार. बिचाऱ्यांच्या बायकोची एकुलती आठवण, आणि मी काय दोन चमच्यांवर ठेवू?

त्यात चातुर्मास लागलेला. चातुर्मासात आपण नेम धरतो. कुणी वांगं सोडतं, कुणी रोज लाखोली वाहतं. हेमांगीनं नेम धरला होता — आंघोळ झाल्यावर झाडांना पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. तुळस होती, जास्वंद होती. आता त्यात ही पाच लेकरं आली. रोज सकाळी ओले केस टॉवेलात गुंडाळून, तांब्याचा गडू भरून, ती आधी तुळशीला पाणी घालायची, मग जास्वंदीला, मग त्या चार कुंड्यांना, आणि शेवटी त्या कपात. काठोकाठ. हात जोडायची. मनात म्हणायची, काका बरे होऊन येऊ देत.

सांगा, या बाईचं काय चुकलं? भाव खोटा होता का? छे. पाणी गढूळ होतं का? तेही नाही.

दहा-बारा दिवस गेले. खालचं एक पान काचेसारखं झालं. पलीकडचं दिसेल इतकं. हेमांगीची नजर मोठी तीक्ष्ण, लगेच दिसलं तिला. पान मऊ लागतंय. मऊ म्हणजे मलूल, मलूल म्हणजे तहान. गडूभर आणखी. मग वाटलं, गॅलरीतलं ऊन सोसत नसेल. म्हणून तिनं कप तेवढा उचलला आणि आतल्या खोलीत देवघरापाशी नेऊन ठेवला. देवाच्या नजरेखाली. तिथं ना ऊन, ना वारा. पण पाणी रोज, न चुकता. इतकं बघणारी बाई, मंडळी — लेकराच्या अंगावर डास बसायच्या आत ओळखणारी. पण भीती डोळ्यांत उतरली, की समोरचं दिसत नाही. आपल्याला जे होईल असं वाटत असतं, तेच दिसतं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिनं नमस्कार करून कपाला हात लावला, आणि कमळ हातात आलं. सगळं. देठ काळा, बुळबुळीत. पानं बोटांतून निसटून फरशीवर पडली, ओल्या कागदासारखी. कपात खाली काळं पाणी. कपाला भोक कुठं होतं? अख्ख्या महिन्याचा नेम त्या बुडाशी साठला होता.

ती तिथंच खाली बसली. ओवी रांगत आली, आईच्या मांडीवर चढली, तिला पत्ता नाही. आणि तेवढ्यात फोन वाजला. हैदराबादहून.

"ताई, एक गुडघा झाला बरं का. चालालोय की काठीनं. कपातलं कसं आहे ओ?"

आता तुम्ही काय सांगितलं असतं? खरं बोला, देवळात बसलाय.

ती म्हणाली, "मजेत आहे काका."

उपास तर होता सोमवारचा. पण त्या उपासाला हे खोटं तेवढं चाललं.

संध्याकाळी सुजयनं सगळं ऐकून घेतलं. माणूस व्यवहारी. दुसऱ्या दिवशी येताना रोपवाटिकेतून एक कमळ घेऊन आला. तसंच राखाडी-हिरवं, तेवढंच. "हे लाव कपात. काकांना काय कळणार आहे? झाडच आहे शेवटी." हेमांगीनं कप खंगाळला, नवीन कोरडी माती भरली, नवीन कमळ बसवलं. हुबेहूब दिसत होतं. उरलेल्या चार कुंड्या मात्र तिनं गॅलरीच्या उजेडात तशाच ठेवल्या, आणि आता गडू हातात घेतला की हात पुढं होईना. त्या कुंड्यांना बुडाशी भोक होतं, पाणी वाहून गेलं होतं, म्हणून त्या बापड्या तग धरून होत्या.

गणपतीच्या आधी काकांनी व्हिडिओ फोन केला. लेकीनं लावून दिलेला, त्यामुळं आधी पाच मिनिटं नुसता काकांचा कान दिसत होता. मग म्हणाले, "जरा दाखवा की ताई नरसाबाईचं."

हेमांगीनं फोन कपावर धरला. काका बघत राहिले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "टवटवीत आहे." आणि दुसरंच बोलायला लागले — हैदराबादचा भात, लेकीचं घर.

त्या दिवसापासून हेमांगीला तो कप बघवेना. पाठ करून पूजा करायची. एखाद्याचं माणूस आपल्या हातून जावं, आणि त्याच्या जागी आपण दुसरंच माणूस त्याचे कपडे घालून उभं करावं, तसं तिला वाटायला लागलं. काका आता दिवाळीपर्यंत येणार. येतील, कपाशी बसतील, नरसाबाई म्हणून भलत्याच रोपाशी बोलतील. आणि मी बघत उभी राहणार?

अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झालेले. दुपारची वेळ. हेमांगी कपड्यांच्या घड्या घालतेय, ओवी रांगत गॅलरीच्या दाराशी. तिथं सरकत्या दाराची खाली ती खाच असते ना, जिच्यात धूळ, केस, मुंग्या, सगळं साठतं. केरसुणी पोचत नाही अशी जागा. ओवीनं तिथून काहीतरी उचललं, मुठीत धरलं, आणि मूठ तोंडाकडं.

आईनं घडी टाकून झेप घेतली. "थू कर, थू कर." बटण आहे का? झुरळ? खिळा? लेकराची मूठ किती घट्ट असते ते आईलाच ठाऊक. एकेक बोट उलगडलं. तळहातावर एक पान होतं.

सुरकुतलेलं. अर्धं वाळलेलं. म्हाताऱ्या माणसाच्या कानाच्या पाळीसारखं. ती फेकणार होती, मंडळी. हात मागं गेलासुद्धा होता. आणि पान उजेडात आलं.

पान जिथं खोडाला चिकटलेलं असतं, त्या टोकाशी गुलाबी दोरे फुटले होते. तीन-चार. केसाएवढे बारीक. मुळं! आणि त्या मुळांच्या वर, तिळाएवढं, अगदी तिळाएवढं — कमळ. पूर्ण कमळ. पाकळीवर पाकळी. नखावर बसेल एवढं. आणि वाळक्या पानाच्या टोकाला कुंकवाची काडी अजून लाल होती.

नरसाबाईचं. तिनं कप देवघराकडं नेला, त्या दिवशी दाराला धक्का लागून एक पान गळालं असणार. तिला कळलंही नव्हतं. कपाला काठोकाठ पाणी, देवाची नजर, रोजचा नमस्कार — ते कुजलं. आणि हे? सव्वा महिना त्या खाचेत पडलं होतं. माती नाही. पाण्याचा थेंब नाही. वरून रोज दार सरकतंय. कुणी विचारलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. आणि त्यानं तिथं लेकराला जन्म दिला!

हेमांगीच्या अंगावर काटा आला. सगळं विज्ञान तिला ठाऊक होतं. पानात पाणी असतं, पेशी असतात, नवीन कोंब फुटतो — परीक्षेला लिहिलं असतं तिनं पाच मार्कांचं. पण तळहातावर तो तीळ घेऊन बसली, तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवेना. ती नुसती बघत राहिली. ओवीही बघत राहिली. आई रडतेय का हसतेय हे त्या लेकराला कळेना.

मग पहिला विचार काय आला असेल? अहो, तोच. बिचारं सव्वा महिना तहानलेलं, सुकलंय किती, आधी पाणी आणते. उठली. गडू भरला. आणि गडू हातात घेऊन थांबली. मग गडू खाली ठेवला आणि फोन उचलला.

"काका, मी खोटं बोलले. तुमचं कमळ गेलं. मी रोज पाणी घालून कुजवलं. तुम्ही बघितलं ते विकतचं होतं."

काका म्हणाले, "मला कळलं होतं, पोरी. नरसाबाईच्या पानांना लाल टोक. ते हिरवं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

हिला हुंदका आवरेना. मग तिनं पानाचं सगळं सांगितलं. खाच, मुळं, तिळाएवढं कमळ. काकांचा आवाजच बदलला. गिरणीत नवीन माग चालू करताना असेल तसा, खाली आणि सावध.

"ऐका आता. बशीत कोरडी माती घ्या. पान त्यावर नुसतं ठेवा. पुरू नका. उजेडात ठेवा. पाणी घालू नका."

"पण काका, पान वाळत चाललंय हो. पार सुकलंय."

"वाळू दे."

"अहो, मरेल ते."

"मरणारच आहे. ते स्वतःचं पाणी पोराला पाजालंय. जेवढं सुकेल तेवढं पोर वाढेल. तुम्ही वरून पाणी घातलं तर दोघं कुजतील. पान पुरतं वाळून कागद होईस्तोवर थेंब नको. जमेल का?"

ही लेकराला अंगावर पाजणारी बाई. आपल्या अंगातलं पाणी दुसऱ्याला पाजणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"जमेल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली. चातुर्मासाचा नेम तर मोडायचा नाही. तुळशीला पाणी झालं, जास्वंदीला झालं. मग ती भरला गडू घेऊन बशीसमोर उभी राहिली, गडू खाली ठेवला, हात जोडले. बघितलं. आणि वळली. हात थरथरत होता हो तिचा! पाणी घालणं सोपं होतं. हा नेम अवघड. एकेचाळीस दिवस तिनं तो पाळला. पान रोज थोडं आक्रसायचं, तीळ रोज थोडा फुगायचा. तिळाचा मूग झाला. मुगाचा हरभरा झाला. कुणी काही देत नव्हतं, आणि ते वाढत होतं.

मधे एका सकाळी ओवीनं पाचव्या चमच्याला तोंड फिरवलं. हेमांगीनं वाटी खाली ठेवली. चिऊ आली नाही, काऊ आला नाही. ती नुसती समोर बसून राहिली, जीव मुठीत धरून. थोड्या वेळानं ओवीनंच वाटीकडं हात केला. तक्ता फ्रिजवर आणखी आठवडाभर होता. मग सुजयनं विचारलं, "कुठं गेला गं?" ती म्हणाली, "काढला."

दिवाळी दोन दिवसांवर आली तेव्हा काका आले. दोन्ही गुडघे नवे, काठी टेकत टेकत जिना चढले. घरी गेले नाहीत, आधी हिच्या दारात. हेमांगीनं बशी आणून त्यांच्यापुढं धरली. पान आता कागद झालं होतं, हात लावला तर चुरा होईल असं. आणि त्याच्या टोकाशी हरभऱ्याएवढं दगडाचं कमळ, टोकं नुकती लाल व्हायला लागलेली.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. बशी डोळ्यांजवळ नेली. तेलुगूत काहीतरी पुटपुटले, ते हिला कळलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतंच. मग म्हणाले, "पाणी घातलं नाहीत ना?"

"नाही काका. एक थेंब नाही."

"मग तुमच्या हातचं झालं आता हे. माझं होतं ते नरसाबाईचं, हे तुमचं." आणि त्यांनी बशी तिच्याच हातात परत दिली. म्हणाले, "मोठं झालं की एक पान मला द्या."

मंडळी, आख्यान संपलं. आता तुमच्याकडं वळते.

त्या एकेचाळीस दिवसांत त्या पानाला काय वाटत असेल? आपल्यासारखंच काहीतरी. मी सुकत चाललोय, मागतोय, आणि वरून थेंब येत नाही. म्हणजे माझं कुणी नाही. बघणारा कुणी नाही. असंच वाटत असेल ना? आणि त्याच वेळी वीतभर अंतरावर एक बाई, भरला गडू पायाशी ठेवून, श्वास रोखून, हात जोडून त्याच्याकडं बघत उभी होती. तिच्याइतकं त्या पानाकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. पाणी घालत होती तेव्हा तिनंसुद्धा नाही.

आपण मागतो, मिळत नाही, आणि म्हणतो त्याचं लक्ष नाही. कशावरून? गडू रिकामा आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? तो देत असतो तेव्हा त्याचं लक्ष इकडंतिकडं असेलही. आवरून धरतो तेव्हा मात्र तो सगळा आपल्याकडंच बघत असला पाहिजे.

आता घरी जाल. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी एक आहे, ज्याच्यावर तुमचा गडू रोज उपडा होतो. परगावी शिकणारी लेक असेल, दिवसातून सहा फोन. नवी सून असेल, तिला बसल्या जागी शंभर सूचना. म्हातारे वडील असतील, त्यांना स्वतःच्या हातानं चहासुद्धा करू देत नाही तुम्ही. ते नाव आत्ता मनात आलंय ना? मला सांगू नका. उद्या सकाळी आंघोळ झाली की त्या एका माणसासमोर फक्त उभे राहा. बघा. हात जोडा. आणि एक दिवस, एकच दिवस, काही घालू नका.

हात थरथरेल. थरथरू दे. तोही सेवेतच धरला जातो.